झुडपाखालचा एलीया

शास्त्रपाठ : १ राजे १९:१-८

मरण मागणाऱ्या एलीयाला देवाने दोष दिला नाही. झुडपाखाली निजलेल्या त्या संदेष्ट्याकडे त्याने दूत पाठविला. भाकर, पाणी व विसावा दिला.

बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनेही १९७६ साली शहराबाहेर सकलवार येथे केंद्र काढून खेड्यांची वाट धरली. आरोग्यसेवकांना मनोरोग ओळखावयास शिकविले. रुग्णाला घरच्यांतच राहून उपचार मिळू लागले.

मंडळीत मात्र खिन्न मनुष्याला पुष्कळदा ‘तुमचा विश्वास उणा’ असे ऐकावे लागते. प्रियहो, प्रार्थना अवश्य करावी. पण औषध सोडावयास सांगू नये. त्याच्या घरी जावे, दवाखान्यात सोबत करावी. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

मनन : आपल्या मंडळीत आज झुडपाखाली कोण आहे?