आमच्या घरची खरूज

खरूज हा कातडीचा रोग आहे. तो एका बारीक किड्यामुळे होतो. हा किडा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. त्याला ८ पाय असतात. मादी कातडीत बीळ करते व तिथेच अंडी घालते. मग खाज सुटते, ती रात्री जास्त. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, कमरेला व बेंबीजवळ पुरळ येते. खाजवून खाजवून त्यात पू होतो.

आमच्या घरी आधी धाकट्या भावाला खरूज झाली. तो रात्रभर खाजवायचा. आजी म्हणाली, “उष्णता झालीय, सब्जा द्या.” मग आईने मलम आणून फक्त त्यालाच लावले. थोडे दिवस बरे वाटले आणि परत सुरू! नंतर मलाही झाली. वर्गात माझी मैत्रीण लांब सरकून बसली. मला लई रडू आले.

आई आम्हांला उपकेंद्रात घेऊन गेली. नर्सबाईंनी बोटे पाहिली आणि विचारले, “घरात माणसं किती?” आई म्हणाली, “सहा.” तेव्हा बाई म्हणाल्या, “सहाही जणांनी एकाच रात्री मलम लावा. खाजत नसेल त्यानंसुद्धा.” कारण पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला महिना-दीड महिना लागतो. तोवर किडा अंगावर असतोच व दुसऱ्याला जातो.

मलमाचे नाव परमेथ्रिन, ५ टक्के. मानेपासून तळपायापर्यंत लावायचे, नखांखालीसुद्धा. तान्ह्या बाळासाठी मात्र डॉक्टरांना विचारावे. आजी ऐकेना. “मला कुठं काय खाजतंय?” शेवटी मीच तिच्या पाठीला लावले. बाबा त्या रात्री पाणी द्यायला शेतावर गेले नाहीत.

सकाळी सगळ्यांनी अंघोळ केली. कपडे, चादरी गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकल्या. अंगावरून उतरलेला किडा दोन-तीन दिवसांत मरतो. म्हणून आजोबांची घोंगडी ८ दिवस प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली. आजोबा रोज तिची चौकशी करायचे! आठवड्याने सर्वांनी परत मलम लावले. खाज लगेच थांबली नाही, दोन-तीन आठवडे राहिली. आई घाबरून रोज मलम लावणार होती, पण तसे करायचे नसते. खरूज रोज अंघोळ करणाऱ्यालाही होते, हेही बाईंनीच सांगितले.

आता भाऊ शांत झोपतो. मैत्रीणही जवळ बसते. परवा तीच बोटे खाजवीत होती. मी तिला म्हणाले, “आईला घेऊन उपकेंद्रात जा. आणि तुझ्या आजीलाही मलम लाव, ती नको म्हणाली तरी.”