महाद्वारातील चोखोबांची समाधी

श्रीक्षेत्र पंढरपूर येथे महाद्वारी नामदेव पायरीसमोर संत चोखामेळा यांची समाधी आहे. मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम कोसळून त्यांचे देहावसान झाले व नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी येथे आणल्या, अशी परंपरा सांगते. ज्यांचे अभंग अवघे वारकरी भक्तिभावाने गात, त्यांच्याच समाजास मात्र शतकानुशतके या पायरीपलीकडे प्रवेश नव्हता. या अन्यायाविरुद्ध साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला आणि दि. १ मे १९४७ पासून येथील तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण आरंभिले. बडवे मंडळींनी मंदिर खुले करण्यास संमती दिल्यावर दि. १० मे रोजी उपोषणाची सांगता झाली. अनेक वारकरी आजही प्रथम चोखोबांपुढे माथा टेकवून मगच पायरीकडे वळतात.