मशीन वेगळं, फोन वेगळा

लालबाग, मुंबई

चि. मनू हिस,


पतसंस्थेची रोजची बचत गोळा करायची पिग्मी एजन्सी तुला मिळाल्याचं ताईने कळवलं, फार आनंद झाला. शाखेने दोन पर्याय दिलेत म्हणतेस: पावतीचं मशीन घ्या, नाहीतर स्वतःच्या मोबाइलमध्ये संस्थेचं ॲप टाका. मी सांगेन, मशीन घे. ओझं वाढेल, दोन चार्जर सांभाळावे लागतील, तरी घे.

एकच यंत्र की दोन, हा वाद जगाने केव्हाच निकालात काढला, हे मलाही ठाऊक आहे. १९९६ साली पाम पायलट हा हातसंगणक आला तेव्हा साहेब लोक एका खिशात तो आणि दुसऱ्यात मोबाइल बाळगायचे. त्याच वर्षी नोकियाच्या कम्युनिकेटरने दोन्ही एकत्र आणले, आणि २००७ मध्ये आयफोन आल्यावर वेगळ्या हातसंगणकाला हळूहळू कुणी विचारेनासं झालं. पण ते लोक स्वतःच्या भेटीगाठी नि पत्ते जपत होते. तुझ्याकडे दुसऱ्यांचा पैसा असणार.

लालबागच्या मिरची गल्लीचंच बघ. एप्रिल-मेमध्ये वर्षाचा मसाला करायला गिऱ्हाईक लोटतं, तेव्हा दुकानदाराला मान वर करायला फुरसत नसते. मिरची तोलता तोलता तो शंभराच्या दोन नोटा पुढे करतो. तेवढ्यात तुला नोटा बघायच्या, खाते क्रमांक टाकायचा, रक्कम टाकायची, पावती फाडून द्यायची. मशीनला खरी बटणं असतात. थोड्या दिवसांत त्यांवर बोटं बसतात आणि डोळे नोटांवर राहतात. फोनच्या काचेवर घामेजलेलं, मिरचीची पूड लागलेलं बोट धड उमटत नाही, आणि नेमका रक्कम टाकतानाच कुणाचा तरी कॉल येतो. दोनशेचे दोन हजार पडले की संध्याकाळी रोकड जुळत नाही, आणि ती तूट भरायची तू.

शिवाय ॲप घेतलंस तरी प्रिंटर सुटत नाही. ब्लूटूथचा छोटा प्रिंटर बरोबर लागतोच, आणि तो फोनला जोडला जाईना की खातेदार ताटकळत बसतो. मशीनमध्ये प्रिंटर आतच असतो.

ॲपची एक बाजू मात्र मला मनापासून पटते: भरणा झाल्या झाल्या खातेदाराला मेसेज जातो. जुन्या मशीनमधला हिशेब संध्याकाळी शाखेत उतरवेपर्यंत संस्थेलाही कळत नाही. म्हणून सिमकार्डवालं मशीन आहे का, ते आधी विचार. नसेल तर रोजचा डेटा रोज उतरवायचा, उद्यावर टाकायचा नाही.

गणपतीच्या दिवसांत लालबागमध्ये काय गर्दी असते, ते तू लहानपणापासून बघतेस. दरवर्षी त्या गर्दीत मोबाइल चोरीला जातात. पावतीच्या मशीनला चोराकडे गिऱ्हाईक नाही. सगळं एकाच फोनमध्ये ठेवलंस आणि तो गेला, तर खातेदारांची नावं, नंबर, शिल्लक, तुझं यूपीआय, घरचे फोटो, सगळंच जाईल. आणि शाखेला कळवायलाही हातात काही उरणार नाही. दोन असली तर एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर निभावतं. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरतं तेव्हा दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ठेव.

आणखी एक, माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं: विश्वास. पिग्मी योजना १९२८ साली उडुपीच्या एका बँकेने काढली. तीच पुढे सिंडिकेट बँक झाली. रोज दोन आण्यांपासून बचत, आणि पैसे न्यायला एजंट दारात. आजही भाजीवाली, फुलवाली, वडापाववाला आपली दिवसाची कमाई तुझ्या हातात देतात ते तुझ्याकडे बघून. त्यांच्या नोटा घेताना तू त्याच स्क्रीनवर व्हॉट्सॲप सरकवताना दिसलीस, तर ते तोंडावर बोलणार नाहीत, पण खातं हळूच बंद होईल. फोन सायलेंटवर टाकून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेव.

उद्या संस्थेने मशीनच बंद केलं, तर ॲपपुरता एक साधा फोन त्यांच्याकडून मागून घे. तुझा स्वतःचा देऊ नकोस. आणि पावतीवरची अक्षरं काही महिन्यांत उडतात, तेव्हा महिन्यातून एकदा प्रत्येकाच्या पासबुकात शाखेकडून नोंद करून आण. सोमवारी शाखेत जाशील तेव्हा पहिल्यांदा मशीनचाच विषय काढ, आणि रोल दोन जास्तीचे मागून घे.

तुझा,
मामा