धानाच्या बांधीसाठीं लहान ट्रॅक्टर : दोन चाकांचा कीं चार चाकांचा?

भंडारा जिल्ह्यांत ज्यांची जमीन पांच ते आठ एकर आहे अशा शेतकऱ्यांकडून एकच प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. बैलजोडी मोडली; नवी जोडी घ्यावी तर किंमत व चारा दोन्ही परवडत नाहींत; रोवणीच्या दिवसांत भाड्याचा ट्रॅक्टर सांगितल्या वेळीं येत नाहीं व तोंवर पऱ्हे वयांत येऊन जातात. तेव्हां घरचाच लहान ट्रॅक्टर घ्यावा हें ठरलें. पण १५ अश्वशक्तीचा स्वस्त घ्यावा, कीं २१ अश्वशक्तीचा, चारही चाकांस जोर असलेला घ्यावा? प्रश्न दिसावयास लहान आहे, परंतु त्याच्या उत्तरानें सातबारावर बोजा चढावयाचा असतो. म्हणून त्याचा विचार येथें जरा विस्तारानें करतों.

उदाहरणादाखल दोन यंत्रें समोर ठेवूं. पहिलें महिंद्र कंपनीचें ‘युवराज २१५’. याचें इंजिन एका सिलिंडरचें, १५ अश्वशक्तीचें. जोर मागच्या दोन चाकांसच. स्वराज कंपनीचा ‘७१७’ हाही याच जातीचा. दुसरें कुबोटा कंपनीचें ‘निओस्टार ए २११’. याचें इंजिन तीन सिलिंडरांचें, २१ अश्वशक्तीचें, व जोर पुढच्या चाकांसही. महिंद्राचा ‘जिवो २४५’ हा दोन सिलिंडरांचा, २४ अश्वशक्तीचा असून त्याच्याच वर्गांत बसतो. नांवें केवळ समजुतीसाठीं दिलीं आहेत. वाचकांनीं यंत्राची जात लक्षांत घ्यावी, रंग नव्हे.

या दोन्ही जातींविषयीं विक्रेता प्रथम जें सांगतो तें असें कीं, यंत्र अरुंद आहे, पिकाच्या दोन ओळींतून जातें. गोष्ट खरी आहे, पण ती आपल्या कामाची नाहीं. नाशिककडील द्राक्षबागेंत, सोलापूरकडील डाळिंबाच्या बागेंत किंवा कपाशीच्या तासांत अरुंदपणास मोल आहे. आपल्याकडे बांधींत ओळींतून जावयाचें नसून गुडघाभर चिखलांतून जावयाचें असतें. उलट, अरुंद यंत्र धुरा ओलांडतांना कलंडण्याचें भय अधिक. म्हणजे जो गुण म्हणून विकला जातो तोच आपल्या जिल्ह्यांत थोडासा दोष होतो. वजन उचलण्याच्या शक्तीचीही गोष्ट तशीच. दोन्ही जातींत ती साडेसातशें किलोंच्या आसपास आहे. त्यावरून निवड होत नाहीं.

खरा भेद चिखलांत दिसतो. कोरड्या जमिनींत चाक मातीस धरतें व यंत्र पुढें जातें. चिखलांत धरावयास घट्ट असें कांहीं नसल्यामुळें चाक जागच्या जागीं फिरतें आणि जितकें फिरतें तितकें खालीं रुततें. अशा वेळीं इंजिनाची शक्ति कितीही असली तरी ती चाकावाटे वायां जाते. मागच्याच चाकांस जोर असलेल्या यंत्राचीं पुढचीं चाकें तर चिखलांत नांगरासारखीं अडतात. मागचीं चाकें यंत्र ढकलतात व पुढचीं रोखून धरतात. चारही चाकांस जोर असला म्हणजे पुढचीं चाकें स्वतः चढून बाहेर येऊं पाहतात. लहान जपानी ट्रॅक्टरांत ही सोय सर्रास आढळते, याचें कारण तेथील शेती मुख्यतः भाताचीच, हें होय.

परंतु चिखल सर्वत्र सारखा नसतो. बर्डीच्या, मुरमाड व उथळ जमिनींत हातभर खालीं घट्ट तळ लागतो. तेथें १५ अश्वशक्तीच्या यंत्रास लोखंडी जाळीचीं चाकें, म्हणजे केज व्हील, जोडलीं कीं चिखलणी समाधानकारक होते. मोरंडांत काम जरा जड जातें. कन्हारांत, आणि विशेषतः मामा तलावाच्या पाळीखालील ज्या बांध्या उन्हाळ्यांतही पुरत्या वाळत नाहींत त्यांत, दोन चाकांचें यंत्र घालूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. केज व्हीलचीही एक अडचण ध्यानांत ठेवावी. तीं लावून डांबरी रस्त्यावरून जातां येत नाहीं. ज्याच्या बांध्या दोन-तीन शिवारांत विखुरल्या आहेत त्यास तीं दर वेळीं काढावीं-लावावीं लागतात.

येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. यंत्र रुतलें म्हणजे मागच्या चाकांस लाकडाचा ओंडका बांधून तें बाहेर काढण्याची रीत आहे. ही रीत जीवघेणी आहे. चाक ओंडक्यामुळें अडलें व फिरेनासें झालें, तरी इंजिनाचा जोर कोठें तरी लागावयाचाच. तो मग यंत्राच्या धडासच आंसाभोंवतीं फिरवतो. पुढचा भाग उचलला जातो आणि क्षणार्धांत यंत्र चालवणाऱ्याच्या अंगावर उलथें पडतें. क्लच दाबावयासही अवधि मिळत नाहीं. लहान यंत्र हलकें, म्हणून त्यास हें भय नाहीं असें कोणी समजूं नये. तळाशीं दाबला गेलेला मनुष्य चिखलांत बुडूनही दगावतो. यंत्र रुतल्यास अवजार खालीं उतरवून सोडवावें, चाकामागची माती फावड्यानें काढावी व यंत्र मागें घेऊन पाहावें. तेवढ्यानें न निघाल्यास दुसऱ्या ट्रॅक्टरानें, दोर लांब ठेवून, ओढून घ्यावें. ओझें ओढतांना सांखळी नेहमीं आंसाच्या खालच्या ओढपट्टीसच अडकवावी, वरच्या दांडीस कदापि नव्हे. चारही चाकांचें यंत्र महाग खरें, पण तें रुततें कमी, आणि म्हणून असल्या प्रसंगांत मनुष्यास कमी वेळां घालतें. हा लाभ कोणत्याही हिशेबाच्या वहींत लिहिला जात नाहीं.

आतां वहींतला हिशेब पाहूं. पुढील किंमती केवळ गणितापुरत्या धरल्या आहेत. आपल्या गांवच्या विक्रेत्याचा आंकडा घालून वाचकांनीं हेंच गणित पुन्हा करावें. लहान यंत्र साडेतीन लाखांस व मोठें साडेपांच लाखांस घेतलें, तें दहा वर्षें टिकलें आणि शेवटीं किंमतीचा दहावा हिस्सा हातीं आला असें समजूं. दरसालची झीज पहिल्याची ३१,५०० रुपये व दुसऱ्याची ४९,५०० रुपये. सरासरी गुंतलेल्या रकमेवर शेंकडा १० प्रमाणें व्याज पहिल्याचें १९,२५० व दुसऱ्याचें ३०,२५०. म्हणजे यंत्र छपरांत नुसतें उभें राहिलें तरी पहिलें वर्षाला ५०,७५० व दुसरें ७९,७५० रुपये खातें. डिझेल, तेल, विमा, दुरुस्ती व चालकाची मजुरी हीं निराळीं.

सहा एकरांच्या खातेदारास काम किती? कोरडी मशागत एकरीं दीड तास व चिखलणीच्या दोन पाळ्या मिळून तीन तास धरले तर खरिपाचे २७ तास होतात. तीन एकर उन्हाळी धान व तीन एकर हरभरा केल्यास आणखी १८ तास. खत, धान व तणस यांच्या वाहतुकीस पन्नास-पंचावन्न तास धरा. सारे मिळून १०० तास. या हिशेबानें पहिल्या यंत्राचा ताशीं उभा खर्च ५०७ रुपये व दुसऱ्याचा ७९७ रुपये पडतो. वरचा खर्च मिळविल्यावर हा दर गांवच्या भाड्याच्या दराशीं ताडून पाहावा. बहुतेकांस असें आढळेल कीं, केवळ स्वतःच्या सहा एकरांसाठीं दोन्हींपैकीं एकही यंत्र स्वस्त पडत नाहीं. तेंच यंत्र शेजाऱ्यांच्या बांधींत मिळून ३०० तास चाललें तर हा उभा खर्च १६९ व २६६ रुपयांवर येतो. चिखलणी सर्वांची एकाच पंधरवड्यांत येते, हें मात्र विसरूं नये; त्या दिवसांत ज्याचें यंत्र रुतून राहिलें त्याचें गिऱ्हाईक दुसरीकडे जातें.

यावरून आमची शिफारस अशी. जमीन बर्डीची, एकाच ठिकाणीं, पाणी खरिपापुरतेंच, व यंत्र घरच्याच कामास लावावयाचें असेल, तर १५ अश्वशक्तीचें घ्यावें, आणि तेंही कर्ज थोडें लागत असेल तरच. एका सिलिंडरचें इंजिन हादरे फार देतें, पण तें खोलून जोडणारा कारागीर सहज मिळतो. कन्हार किंवा मोरंड जमीन, तलावाखालील ओल, गोसीखुर्द वा बावनथडीच्या पाण्यावर उन्हाळी धान, आणि शेजाऱ्यांचें खात्रीचें काम, या गोष्टी असतील तर दोन लाख अधिक घालून चारही चाकांचें घ्यावें. मधलें कांहीं असेल तर दोघां-तिघां भावकीच्या खातेदारांनीं मिळून दुसरें घेणें हें एकट्यानें पहिलें घेण्यापेक्षां बरें. मात्र पाळी व दुरुस्तीचा वांटा आधीं कागदावर लिहून काढावा. चार एकरांच्या आंत जमीन असणाऱ्यानें या दोहोंच्या भानगडींत न पडतां पॉवर टिलरचा विचार करावा. तो चालवितांना मनुष्य थकतो, पण कर्जानें वांकत नाहीं.

खरेदीपूर्वीं मध्यप्रदेशांतील बुदनी येथील केंद्रीय संस्थेचा त्या यंत्राविषयींचा चांचणी-अहवाल मागवून वाचावा. जाहिरातींतील अश्वशक्ति इंजिनाची असते. रोटाव्हेटर ज्या दांड्यावर चालतो त्या पी.टी.ओ.वर मिळणारी शक्ति नेहमीं त्याहून कमी असते. अहवालांत ती, तसेंच तासाचें डिझेल व वळण्यास लागणारी जागा हीं तिन्ही दिलेलीं आढळतात. आपल्या बांध्या लहान असल्यामुळें वळणाची जागा विशेष पाहावी. रोटाव्हेटर पी.टी.ओ.च्या शक्तीस झेपेल त्याच रुंदीचा घ्यावा. रुंद घेतल्यास इंजिन दमतें व चिखल नीट होत नाहीं.

ट्रॅक्टरावरील वस्तु-सेवाकर २२ सप्टेंबर २०२५ पासून शेंकडा १२ चा ५ झाला आहे. जुन्या दरपत्रकावर सौदा करूं नये. सरकारी अनुदानासाठीं महाडीबीटीवर अर्ज करावा लागतो, व पूर्वसंमति हातीं येण्यापूर्वीं खरेदी केल्यास अनुदान बुडण्याचा संभव असतो. कोणत्या खातेदारास किती मिळेल तें तालुका कृषि अधिकाऱ्यांकडून लेखी विचारून घ्यावें. केवळ अनुदान मिळतें म्हणून यंत्र घेतलेल्यांच्या अंगणांत तें ताडपत्रीखालीं उभें असलेलें आम्हीं पाहिलें आहे.

शेवटची गोष्ट प्रयोगाची. विक्रेता यंत्र सडकेवर किंवा पडीत माळावर चालवून दाखवितो. त्यावर संतुष्ट होऊं नये. पाणी भरलेल्या आपल्या सर्वांत वाईट बांधींत तें चालवून दाखविण्याचा आग्रह धरावा. रोटाव्हेटर खालीं टाकून कोपऱ्यांत वळवावयास सांगावें, थांबवून पुन्हा उचलावयास लावावें, व मागच्या चाकाची खोल किती गेली ती काठीनें मोजावी. साकोली येथें कृषि विज्ञान केंद्र आहे. तेथील तज्ज्ञांस सोबत येण्याविषयीं विचारण्यास हरकत नाहीं. बांधींत उतरावयास विक्रेता नाहीं म्हणाला, तर सौदा त्याच जागीं थांबवावा.