दोर धरणारे हात

शाळेच्या शिबिराचे पत्रक हातात आले की मुले सर्वांत आधी एकच ओळ शोधतात: रॅपलिंग आहे का? पालक विचारतात, काही होणार तर नाही ना? आणि आपण कार्यकर्ते बस किती वाजता येणार, या विवंचनेत असतो. साहसी खेळ शिबिरात ठेवायचे ते कशासाठी, हे सहसा कोणी विचारत नाही. विचारलेच तर उत्तर तयार असते: मुलांची भीती जावी म्हणून. आजच्या पाठात या उत्तराकडे जरा थांबून पाहू या.

मी नववीत असताना आमचा वर्ग अशाच एका शिबिराला गेला होता. कड्याच्या टोकाशी पाठमोरी उभी राहिले आणि पाय हलेचनात. शिक्षकांनी, अगदी प्रेमानेच, खाली उभ्या असलेल्या मुलींना माझ्या नावाचा गजर करायला सांगितले. चाळीस मुली टाळ्या वाजवू लागल्या. मी उतरले. शाबासकी मिळाली, फोटो निघाला, आणि माझी भीती गेली असे सर्वांनी ठरवून टाकले. त्या उतरण्यातले मला आज काहीही आठवत नाही. डोळे घट्ट मिटलेले होते आणि टाळ्या ऐकू येत होत्या, एवढेच. पुढची तीन-चार वर्षे मी गच्चीच्या कठड्यापाशीही उभी राहत नव्हते.

कॉलेजात गेल्यावर मुलांच्या शिबिरात मदतीला जाऊ लागले, तेव्हा तिथल्या प्रशिक्षकांनी मला क्लाइंबिंग वॉलपाशी नेले. वर चढायला सांगितले नाही. दोराचे शेवटचे टोक हातात दिले आणि म्हणाले, "ताई, हा फक्त धरून ठेवा. वरची मुलगी तुमच्या भरवशावर आहे." माझे खरे शिक्षण त्या दिवशी सुरू झाले.

ज्यांनी हे पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. कृत्रिम भिंतीवर चढणाऱ्या मुलाच्या कमरेला हार्नेस असतो. त्याला बांधलेला दोर भिंतीच्या माथ्यावरच्या पक्क्या आधारातून फिरून पुन्हा खाली येतो आणि जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या कमरेशी एका छोट्या धातूच्या साधनातून जातो. या दोर सांभाळण्याला बिले म्हणतात. मूल वर सरकते तसतसा खालचा माणूस ढिला पडणारा दोर ओढून घेत राहतो. मुलाचा हात सुटलाच, तर त्या साधनात दोराला बाक पडून घर्षण होते आणि पडणारे मूल जवळजवळ जागच्या जागी लोंबकळत राहते. घर्षणामुळेच कमी ताकदीचा माणूसही दुसऱ्याचा भार रोखू शकतो. नियम एकच, पण तो कधीही मोडायचा नाही: दोर अडवणारा हात दोरावरून क्षणभरही सुटता कामा नये. नाक खाजले तरी नाही.

शाळेच्या गटात हे काम एकट्या मुलावर सोपवत नाहीत. एक मुख्य दोर सांभाळतो, त्याच्या मागे दुसरा तोच दोर राखीव म्हणून धरतो, तिसरा उरलेला दोर गुंता होऊ न देता नीट लावत राहतो आणि प्रशिक्षक शेजारी उभे राहून स्वतःचा हात दोरावर ठेवतात. चढणारा फार वजनदार आणि खालचा हलका असेल तर झटक्याने खालचाच वर उचलला जाण्याची शक्यता असते, म्हणून त्याला मागून जमिनीशी बांधून ठेवतात. म्हणजे एक मूल वर जाते तेव्हा खाली तीन मुले कामात असतात. पण आपले सगळे लक्ष, सगळे मोबाइल, वरच्या मुलाकडे रोखलेले असतात!

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे गुण सांगताना पहिला येतो तो अभय, हे आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. आपण त्याचा अर्थ 'न भिणे' असा घेतो आणि तो आहेच. पण आपल्या भाषेत अभय दिलेही जाते. आपण अभयदान म्हणतो, देवाच्या मूर्तीचा उचललेला हात अभयमुद्रेत असतो, आणि संन्यास घेणारा सर्व प्राणिमात्रांना आपल्यापासून अभय देतो. स्वतः न भिण्याइतकेच, कदाचित त्याहूनही अधिक, दुसऱ्याने आपल्यामुळे निर्भय व्हावे हे या शब्दात आहे. दोर धरणारा मुलगा नेमके हेच करत असतो. त्याला ते शब्दांत सांगायची गरज नाही, ते त्याच्या तळहाताला कळते.

साहसी शिक्षणाचा इतिहास पाहिला तर त्यातही हाच धागा सापडतो. कुर्ट हान हे जर्मन शिक्षणतज्ज्ञ. त्यांनी १९२० साली जर्मनीत सालेम येथे शाळा काढली. हिटलरला उघड विरोध केल्यामुळे १९३३ साली त्यांना अटक झाली. सुटका झाल्यावर ते ब्रिटनमध्ये आले आणि १९३४ साली स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन ही शाळा सुरू केली. त्या शाळेतली मुले पर्वतात आणि समुद्रावर जात, पण त्याबरोबर किनाऱ्यावर पहारा करणे आणि संकटात सापडलेल्यांची सुटका करणे हीही कामे शिकत. दुसऱ्याला वाचवण्याची जबाबदारी अंगावर पडली की तरुणाच्या मनातली करुणा जागी होते, असे हान मानत.

पुढे महायुद्धात जहाजे बुडू लागली. जहाज कंपनीचे मालक लॉरेन्स होल्ट यांच्या लक्षात आले की जीवरक्षक होड्यांत अनुभवी, वयस्क खलाशी तग धरतात आणि अंगाने धडधाकट असलेले तरुण मात्र आधी हार मानतात. उणीव शरीरबळाची नव्हती. स्वतःवरचा आणि सोबत्यांवरचा विश्वास अजून घडायचा होता. होल्ट आणि हान यांनी मिळून १९४१ साली वेल्समधल्या अॅबरडोव्ही येथे जवळपास महिनाभराचे शिबिर सुरू केले. आउटवर्ड बाउंड या नावाने ते काम पुढे अनेक देशांत गेले.

आपल्याकडे डेहराडूनच्या डून स्कूलमधले शिक्षक मुलांना हिमालयात घेऊन जात. तिथेच शिकलेले नरेंद्रधर जयाल १९५४ साली दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूटचे पहिले प्राचार्य झाले. तेनझिंग नोर्गे तिथे प्रत्यक्ष मैदानी प्रशिक्षणाचे प्रमुख होते. १९६५ साली उत्तरकाशीला नेहरू संस्था निघाली. आज शाळांच्या शिबिरांत दिसणारे अनेक प्रशिक्षक याच संस्थांतून शिकून आलेले असतात.

आता एका अवघड मुद्द्याकडे वळते, कारण आपल्या शिबिरांत चूक होते ती इथेच. मूल "नाही" म्हणाले तर काय करायचे?

अमेरिकेत १९७१ साली प्रोजेक्ट अॅडव्हेंचर नावाने शाळांमध्ये साहसी शिक्षण सुरू झाले. त्यातून पुढे रूढ झालेले तत्त्व असे की आव्हान समोर ठेवावे, ते किती घ्यायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. आपल्या कार्यकर्त्यांना हे पटवणे सोपे नसते, हे मी अनुभवाने सांगते. "मग सगळीच मुले नाही म्हणतील" असे म्हणतात. तसे होत नाही. बहुतेक मुले उत्सुकच असतात. जी दोन-तीन थबकतात त्यांना टाळ्यांनी ढकलले तर ती उतरतात, आणि एवढेच शिकतात की आपल्या "नाही"ला इथे किंमत नाही. ही शिकवण पुढे आयुष्यात किती घातक ठरू शकते याचा विचार पालकांनीच करावा. मात्र "नाही" म्हणालेल्या मुलाला कडेला बाकावर बसवून ठेवणे हेही योग्य नाही. त्याला दोन हात उंच चढून परत येऊ द्यावे, हार्नेस घालून नुसते लटकून पाहू द्यावे, किंवा दोरावर घ्यावे. काम खरे असले पाहिजे. पाण्याच्या बाटल्या सांभाळायला दिल्या तर मुलाला लगेच कळते.

सुरक्षेविषयी माझ्यासारख्या कॉमर्सच्या विद्यार्थिनीला एक गोष्ट लगेच पटली. हिशेबात ज्याने नोंद केली त्यानेच ती तपासायची नसते. इथेही तसेच. मुलाने स्वतः हार्नेस घातला, गाठ बांधली, की जोडीदार तपासतो: हार्नेसचा पट्टा बकलमधून उलटा फिरवून घेतला आहे का, आठच्या आकाराची गाठ पूर्ण आणि नीट आहे का, कॅराबिनरचा स्क्रू फिरवून बंद केला आहे का, हेल्मेटचा पट्टा सैल तर नाही. मग प्रशिक्षक तेच पुन्हा तपासतात. विसाव्या मुलापर्यंत येता येता सर्वांना कंटाळा येतो, आणि नेमकी तीच वेळ जपायची असते. आम्ही मुलांना सांगतो, मोठ्याने बोलून तपासा. मनातल्या मनात तपासलेले बरेचदा राहून जाते.

शिबिर ठरवताना आयोजकांना विचारायला संकोच करू नये. प्रशिक्षकाने बेसिक आणि अॅडव्हान्स कोर्स केला आहे का, त्यापुढचा शिकवण्याचा कोर्स झाला आहे का, दोर कधीचे आहेत, जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे, हे सारे विचारावे. महाराष्ट्रात २०२१ पासून साहसी पर्यटनाचे शासकीय धोरण आहे आणि आयोजकांना नोंदणी करावी लागते. तेव्हा नोंदणी मागून पाहावी. जागेचीही चौकशी करावी. सह्याद्रीत पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरते, आणि कड्यांवर आग्यामोहोळ असते. धूर किंवा अत्तराचा उग्र वास याने माश्या उठतात, म्हणून मुलांना त्या दिवशी स्प्रे मारून येऊ नका असे सांगावे लागते. मुलींचा यावर विश्वासच बसत नाही.

संध्याकाळची बैठक आपल्याकडे असतेच. तिथे साधारणपणे "मजा आली का?" असे विचारले जाते, सगळे "हो" म्हणून ओरडतात आणि बैठक संपते. त्याऐवजी "आज तुझा दोर कोणी धरला होता?" एवढे विचारून पाहा. पहिल्या दिवशी निम्म्या मुलांना नाव सांगता येत नाही. मान वर असते ना, खाली कोण होते ते पाहिलेलेच नसते. दुसऱ्या दिवशी चढण्यापूर्वी मुले आपणहून वळून पाहतात. कोणी सांगत नाही, तरी पाहतात.

मागच्या शिबिरात सातवीतला एक मुलगा तिन्ही दिवस भिंतीवर चढला नाही. आम्ही दोनदा विचारले, तो नाही म्हणाला, विषय तिथेच संपला. पहिल्या दिवशी त्याने मागचा राखीव दोर धरला, दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकांच्या हाताखाली मुख्य दोर. तिसऱ्या दिवशी एक मुलगी चढण्यापूर्वी म्हणाली, "माझा दोर यालाच द्या, हा बडबड करत नाही." शिबिर संपल्यावर त्याच्या आईने पालकांच्या ग्रुपवर विचारले, "याचा चढतानाचा फोटो नाही का?" नव्हता. एकच फोटो होता, तो मी त्यांना पाठवला. त्यात तो जमिनीवर पाय रोवून उभा आहे, मान वर, तोंड किंचित उघडे, आणि दोन्ही हातांत दोर.