आगळाच्या धंद्याला सरकारी हात

प्रश्न : आमचा दहा बायकांचा बचत गट कोकमाचं आगळ आणि आमसुलं करतो. यंत्र घ्यायचं आहे. अनुदान मिळवून देतो म्हणून एकजण पाच हजार रुपये मागतोय. द्यावेत का? – एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : ताई, एक रुपयाही देऊ नका. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेचा (२०२०पासून) अर्ज आणि प्रकल्प अहवाल करून द्यायला सरकारने जिल्ह्यात माणसं नेमली आहेत. त्यांचं मानधन सरकार देतं. तालुका कृषी कार्यालयात त्यांचा पत्ता मिळेल. योजना सध्या सुरू आहे ना, तेही तिथेच विचारा.

पण अनुदान म्हणजे हातात रोख रक्कम नव्हे, हे गटात सगळ्यांना नीट सांगा. आधी बँकेचं कर्ज मंजूर व्हावं लागतं, किमान दहा टक्के स्वतःचे घालावे लागतात. ३५ टक्के अनुदान बँकेत वेगळं ठेवलं जातं आणि तीन वर्षं हप्ते नियमित गेले, धंदा चालू राहिला, तरच कर्जात वळतं होतं. मला इथेच काळजी वाटते. कोकमाचा हंगाम उन्हाळ्यातला, पावसाआधी उरकणारा. हप्ता मात्र बारा महिने. म्हणून यंत्र बेताचंच घ्या.

खरं तर तुम्ही आधी याच योजनेतलं बीज भांडवल मागावं. गटातल्या प्रत्येक सदस्येमागे ४० हजारांपर्यंत मिळतं, त्यातून फळं, बरण्या, छोटी अवजारं घेता येतात. त्यासाठी ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या तालुका कार्यालयात जा. अन्न सुरक्षा नोंदणीही लगेच करून घ्या.