दुकानातील संगणकांची जोडणी बंद पडल्यास काय तपासावे?

आज लहान दुकानातही बिलाचा संगणक, प्रिंटर व गोदामातील संगणक केबलने एका स्विचला जोडलेले असतात. ही जोडणी तुटली की गिऱ्हाईक ताटकळते आणि मालक घाईने नवा स्विच विकत आणतो. पुष्कळदा दोष केबलमध्ये वा पत्त्यात असतो. म्हणून व्यापारी बांधवांनी पुढील क्रमाने तपासणी करावी.

१) दिवा : केबल बसते त्या खाचेजवळ बहुधा लहान दिवा असतो. तो लागत नसेल तर संगणकाच्या सेटिंगला हात लावू नये. आधी चांगली चालणारी दुसरी केबल लावून पाहावी, मग स्विचची दुसरी खाच.

२) केबल : आत आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. प्रचलित क्रम असा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम हवा. १०० मेगाबिट वेगाला दोनच जोड्या (नारिंगी व हिरवी) लागतात, गिगाबिटला चारही. त्यामुळे निळी किंवा तपकिरी जोडी तुटल्यास काम चालू राहूनही वेग घसरू शकतो. स्विच ते संगणक अंतर १०० मीटरच्या आत ठेवावे. कारखान्यात मोटारीच्या वीजतारांना ही केबल बांधू नये.

३) पत्ता : दिवा लागतो, पण प्रिंटर सापडत नाही, तर पत्ता पाहावा. समजा, संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.१० व मास्क २५५.२५५.२५५.० आहे. मग प्रिंटरच्या पत्त्याचे पहिले तीन आकडे तेच, शेवटचा मात्र वेगळा हवा. दोन यंत्रांना एकच पत्ता दिला गेल्यास जोडणी कधी चालते, कधी तुटते. पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही, असे समजावे. प्रिंटरला कायमचा पत्ता द्यावा. राउटर आपोआप वाटतो त्यांतला तो नसावा.

४) पिंग : या आज्ञेने आधी राउटरकडून, मग प्रिंटरकडून उत्तर येते का, ते पाहावे. राउटर उत्तर देतो, प्रिंटर देत नाही, तर प्रिंटरची केबल व पत्ता पुन्हा तपासावा.

केबल टाकणाऱ्या कारागीर बांधवांनीही आठही तारा टेस्टरवर तपासून, दोन्ही टोकांना क्रमांकाची चिठ्ठी लावून आणि पत्त्यांची यादी मालकाच्या हाती देऊनच मजुरी घ्यावी. भिंतीआडचे काम गिऱ्हाइकाला दिसत नाही, म्हणूनच ती अमानत आहे.